आजोबांची पेटी आणि वाळवी



गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजाऱ्यांनी नवीन घर बांधायला काढलं. जोतं भरायच्या वेळी मला विचारू लागले, "गुरुजी, वाळवीचं औषध मारावं का, का नुसता खर्च?" मी म्हटलं, "मारा. आणि बसा जरा, आमच्या पेटीची गोष्ट सांगतो." तीच गोष्ट आज तुम्हालाही सांगतो.

झरी हे परभणी-जिंतूर रस्त्यावरचं आमचं गाव. आमचं जुनं घर माळवदाचं होतं. पुण्या-मुंबईच्या नातवंडांसाठी सांगतो, माळवद म्हणजे लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर दाटीनं बसवलेलं किलचन, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. लाकूड, पाला, माती... वाळवीला पंगतीचं आवतणच की! तरी अशी घरं दोन-दोन, तीन-तीन पिढ्या उभी राहिली.

त्याला कारणं होती. वाळवी जमिनीतून येते. वारा-उजेड लागला की तिचं अंग सुकतं, म्हणून ती मातीची नळी बांधत त्यातून चालते. जुने लोक खांब जमिनीत रोवत नसत, दगडी तळखड्यावर उभा करत. दगडावरून नळी चढू लागली की झाडता झाडता बाईच्या नजरेला पडायची. पाला कडुनिंबाचा असे. आणि दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर माती टाकायची, तेव्हा घरातली पेटी न् पेटी अंगणात उन्हाला निघायची. त्यात आजोबांची सागवानी पेटीही असे. आत वाटणीपत्र, पावत्या, जमिनीचे कागद. काही उर्दूत, काही मोडीत. आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, सरकारी कारभार उर्दूत चाले. आम्हा पोरांना त्यातलं अक्षर कळत नसे. पण आजोबा एकेक कागद झटकून परत ठेवत.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ हजार माणसं गेली, कित्येक जण दगडमातीच्या भिंतींखाली आणि जड माळवदाखाली. मग मराठवाड्यात माळवदाची धास्तीच बसली. आम्हीही पुढच्या वर्षी जुनं घर उतरवलं आणि सिमेंटच्या खोल्या बांधल्या. वाटलं, माळवद गेलं, वाळवी गेली. आजोबांची पेटी भिंतीतल्या कपाटात गेली आणि उन्हाला निघणं बंद झालं.

जोत्याच्या मातीवर आधी औषध मारायचं असतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. खरं तर त्यासाठीचं भारतीय मानक, क्रमांक ६३१३, १९७१ सालीच निघालेलं आहे. पूर्वीची अल्ड्रिन, हेप्टाक्लोर ही औषधं वर्षानुवर्षं मातीत राहणारी, घातक. ती आपल्या देशात १९९६ साली बंद झाली. आता दुसरी मारतात. पण औषध कुठलंही असो, त्याचा जोर कधीतरी ओसरतोच. फरशी आणि भिंतीच्या सांध्यात केसाएवढी फट असली तरी वाळवीला तेवढी वाट पुरते.

एका पावसाळ्यात दिव्याभोवती पंखवाली वाळवी आली. सकाळी उंबऱ्यात पंखांचा खच. काही दिवसांनी कपाटाच्या कडेला मातीची बारीक रेघ दिसली. मी ती केरसुणीनं खरवडली, वरून रॉकेल पुसलं आणि विसरून गेलो. कपाट उघडून बघितलं नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम गावोगाव सुरू झालं. जो तो आजोबा-पणजोबांचे कागद धुंडाळू लागला. पुतण्याचा फोन आला, "काका, पोरीच्या ॲडमिशनला लागेल. आजोबांच्या पेटीत बघा ना काही आहे का."

पेटी उचलली तर हलकी लागली. बोटानं दाबलं तर सागाची फळी पापडासारखी आत गेली. आत कागद नव्हतेच, मातीचा पोळा होता. मधे एक अर्धा कागद राहिला होता. वर उर्दूतली गोल मोहर, खाली मोडीत आजोबांची सही. नोंदीचा भाग गेलेला.

पुतण्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "असू द्या काका." त्या तीन शब्दांनी मला जास्त लागलं. पुढे त्याला तालुक्याहून १९५४-५५ च्या खासरा पत्रकाची नक्कल मिळाली. जमिनीचा पुरावा झाला, पण हवी ती नोंद मिळाली नाही.

मंडळी, मी सारी नोकरी पोरांना इतिहास शिकवला. इतिहासाची साधने हा धडा दरवर्षी घ्यायचो. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, जुन्या वाड्यांतले कागद मिळवण्यासाठी ते किती फिरले, हे रंगवून सांगायचो. आणि माझ्याच घरातलं साधन मी वाळवीला घातलं! आजोबांना इतिहास कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं, पण वर्षातून एकदा पेटी उघडायची हे ठाऊक होतं. माळवदाबरोबर आम्ही ती सवयही उतरवून टाकली.

शेजाऱ्यांनी औषध मारलं. मी त्यांना एवढंच म्हटलं, औषध एकदा मारायचं असतं, बघायचं मात्र दरवर्षी. कागद भिंतीपासून दूर, लोखंडी पेटीत ठेवा. त्यांचे फोटो काढून दोन ठिकाणी जपा. चौकटीवर टिचकी मारून बघा, पोकळ वाजली तर उद्यावर टाकू नका.

तो अर्धा कागद मी काचेत घालून ठेवलाय. कुणाला उर्दूतली जुनी मोहर वाचता येत असेल तर कळवा.

असो. मृग जवळ आलाय, आमच्या पेट्या उन्हात आहेत. तुमच्या?