परटाचे गाठोडे : मराठी घरातील धुण्याची वाटणी

मराठीत ‘धुणे’ हा शब्द क्रियेसाठी वापरला जातो, तसाच धुवायला काढलेल्या कपड्यांच्या ढिगासाठीही. या ढिगाचे पांढरपेशा आणि खात्यापित्या घरांत परंपरेने दोन भाग पडत. एक रोजचे धुणे, म्हणजे अंगावरून उतरलेले आणि त्याच दिवशी घरातील स्त्रियांनी धुवायचे कपडे. दुसरे परटाचे धुणे, म्हणजे चादरी, पलंगपोस, जाड धोतरे, अंगरखे आणि समारंभाचे कपडे, जे गाठोडे बांधून बाहेर जात. या दोन ढिगांमधील सीमारेषा गेल्या दीडशे वर्षांत सतत सरकत राहिली, आणि ती प्रत्येक वेळी कोणाच्या बाजूने सरकली हे पाहिल्याशिवाय घरगुती धुण्याचा इतिहास उलगडत नाही.

परीट हा गावच्या बारा बलुतेदारांपैकी एक होता. गावाची ठरलेली कामे वंशपरंपरेने करून त्याबदल्यात सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा वाटा घेणाऱ्या कारागिराला बलुतेदार म्हणत, आणि त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आले आहे. परटाचे काम धुलाईपुरते नव्हते. लग्नकार्यात पाहुण्यांच्या वाटेवर पायघड्या, म्हणजे चालण्यासाठी पसरायची वस्त्रे, घालण्याचा मानही त्याचाच असे. मात्र ही सेवा गावातील सर्वांना मिळत नव्हती. अस्पृश्य मानलेल्या जातींचे कपडे परीट घेत नसे आणि अनेक ठिकाणी त्यांना सार्वजनिक पाणवठाही बंद होता, त्यामुळे त्या घरांतील धुण्याचा संपूर्ण भार, पाणी मिळवण्याच्या कष्टासह, त्यांच्याच माथी राहिला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह हा माणुसकीच्या हक्कासाठी होता. पाण्यावरच्या बंदीने रोजच्या स्वच्छतेचा मार्ग किती अडवून धरला होता, हेही त्याने उघड केले.

परटाच्या कामाचा गाभा म्हणजे भट्टी. मळके कपडे खारी माती किंवा सज्जीखार कालवलेल्या पाण्यात भिजवून, तापत्या पाण्याच्या हंड्यावर रचून त्यांना दीर्घकाळ वाफ दिली जाई. अशा वेळी क्षार कपड्यातील तेलकटपणाशी संयोग पावून त्याचेच साबणासारखे द्रव्य बनवतो, मळ सुटतो, आणि मग वाहत्या पाण्यात दगडावर आपटून तो काढून टाकता येतो. रेशीम आणि लोकर यांना हा क्षार सोसत नाही, म्हणून शालू, पैठणी व शाली यांसाठी रिठ्याचा सौम्य फेस वापरला जाई. पुढे पांढऱ्या कपड्यांचा पिवळसरपणा झाकण्यासाठी नीळ, ताठपणासाठी तांदळाची खळ आणि शेवटी कोळशाची इस्त्री, असा क्रम असे. अनेक घरांचे कपडे एकत्र धुतले जात असल्याने ओळखीसाठी प्रत्येक कपड्यावर बिब्ब्याच्या रसाने खूण केली जाई. ही काळी खूण कितीही धुतली तरी जात नसे. ‘परीटघडी’ हा शब्द आजही निर्दोष नीटनेटकेपणासाठी वापरला जातो, त्यामागे हे सारे कौशल्य आहे.

रोजच्या धुण्यामागे असे नाव मिळालेले कौशल्य नव्हते, तरी श्रम कमी नव्हते. नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटर लांब असते आणि ओले झाल्यावर त्याचे वजन कितीतरी वाढते. एकत्र कुटुंबात अशी अनेक लुगडी, धोतरे, पंचे आणि तान्ह्या मुलांची दुपटी दररोज नदीवर, विहिरीवर किंवा परसातील दगडावर धुवावी लागत. सोवळे पाळणाऱ्या घरांत, म्हणजे पूजा आणि स्वयंपाकासाठी धुतलेले व कोणाचाही स्पर्श न झालेले वस्त्र नेसण्याचा नियम असलेल्या घरांत, ही वस्त्रे वेगळी धुऊन उंच टांगलेल्या दांडीवर काठीने वाळत घालावी लागत. पावसाळ्यात ती वाळतील की नाही, ही चिंता बहुधा सासू-सुनांचीच असे.

शहरात प्रथम पाणी बदलले. मुंबईतील धोबी तलाव या भागाच्या नावातच धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या तलावाची स्मृती आहे. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात येऊ लागले, तर १८९० च्या सुमारास महालक्ष्मी येथे ओळीने दगडी हौद असलेला धोबीघाट उभा राहिला. घाटामुळे परटाचा व्यवसाय एका जागी एकवटला आणि परीट बलुत्याऐवजी नगामागे पैसे घेऊ लागला. घरोघरी कपड्यांची संख्या टिपून ठेवणारी धोब्याची वही आली. नळामुळे मात्र नदीवरचे काम चाळीच्या मोरीत आले, आणि पाणी ठरावीक वेळीच येत असल्याने स्त्रीचा दिवस त्या वेळेला बांधला गेला.

सीमारेषा खरी सरकली ती साबण आणि नव्या कापडामुळे. १९३४ मध्ये मुंबईत शिवडी येथे लिव्हर कंपनीचे साबणाचे उत्पादन सुरू झाले. टाटांच्या ‘५०१’ बारची वडी असंख्य घरांच्या मोरीत पोचली. १९५९ मध्ये ‘सर्फ’ ही धुलाईची पावडर आणि १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी सुरू केलेली स्वस्त ‘निरमा’ बाजारात आली. याच काळात टेरिलीन, टेरिकॉट आणि नायलॉन रूढ झाले. या कापडांना भट्टी चालत नाही आणि खळही लागत नाही, ती लवकर वाळतात. परिणामी जे कपडे पूर्वी गाठोड्यात बांधून बाहेर जात, ते बादलीत भिजवून घरीच धुणे सोपे वाटू लागले. परटाच्या वाट्याला बरेचदा केवळ इस्त्री उरली. जे काम सोपे झाल्याचे जाहिरातींनी सांगितले, त्याचा मोठा हिस्सा प्रत्यक्षात घरातील स्त्रीकडे परत आला होता.

मध्यमवर्गाने त्यावर शोधलेला उपाय म्हणजे धुणे-भांडी करणारी मोलकरीण. तिच्यासाठी खळ्यावरचा वाटा नव्हता, मान नव्हता आणि दीर्घकाळ कायद्याचे संरक्षणही नव्हते. १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी संप करून संघटना उभारली, आणि २००८ मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. धुणे हे काम आहे आणि ते करणारी व्यक्ती कामगार आहे, ही साधी गोष्ट राज्याने मान्य करायला इतका काळ लागला.

आज धुलाई यंत्र भिजवणे, घुसळणे आणि पिळणे ही अंगमेहनतीची कामे करते, आणि हे त्याचे मोठे उपकार आहेत. परंतु कपडे गोळा करणे, रंगानुसार निवडणे, वाळत घालणे, पाऊस आला की काढणे, घड्या घालणे आणि ज्याचे त्याला देणे ही कामे यंत्र करत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार भारतात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे बिनमोबदला घरकामाला देत होते. गाठोडे परटाच्या खांद्यावरून उतरल्याला आता दोन पिढ्या लोटल्या आहेत; ते घरात आले, पण घरातल्या सर्वांनी ते उचललेले नाही. परीटघडीचे कौतुक करणाऱ्या समाजाने ती घालणाऱ्या हातांची वाटणीही तितक्याच काळजीने केली, तरच या इतिहासाला न्याय मिळेल.