सुप्रजाशास्त्र ते जीन-एडिटिंग : सुधारायचं म्हणजे काय?

आज आपण कॅम्प ४ मध्ये जमलो आहोत, तेव्हा सुरुवात इथूनच करू. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं, हे आपल्याला पाठच आहे. हाती लागेल ते सामान घेऊन ही माणसं आली. त्याबरोबर आणखी एक गोष्ट आली, जी त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हती. थॅलेसेमियाचा जीन. सिंधी समाजात त्याचे वाहक देशाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहेत. वाहकाला, म्हणजे 'मायनर'ला, सहसा काही त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघंही मायनर असले, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की मूल 'मेजर' निघेल. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवा, त्यातून साठणारं लोह काढायला औषधं घ्या. आणि हे जन्मभर.

अशा मुलाला जीनमध्ये बदल करून बरं करता आलं तर करावं, यावर इथे कुणाचं दुमत असेल असं आम्हाला वाटत नाही. अडचण पुढच्या पायरीवर आहे. बरं करता येतं, तर निरोगी माणसाला आणखी ताकद, आणखी दम का देऊ नये? प्रश्न नवा वाटतो खरा, पण माणसाची जातकुळी सुधारण्याची भाषा महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच ऐकली आहे.

१९२७ साली ना. सी. फडक्यांचं 'सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया' हे इंग्रजी पुस्तक मुंबईत निघालं. प्रस्तावना मार्गारेट सँगर यांची. कादंबरीकार फडके सगळ्यांना माहीत. पण ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, आमच्याच खात्यातले म्हणा ना! भारतात सुप्रजाजननाची चळवळ हवी, अशी मागणी पुस्तकाच्या उपशीर्षकातच होती. संततिनियमनाची बाजू उघडपणे घेणं त्या काळी धाडसाचं होतं, ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण सुप्रजाशास्त्र नावाचा तो सगळा विचार एक गोष्ट धरून चालायचा, की उत्तम कोण आणि कनिष्ठ कोण हे आधीच ठरलेलं आहे. जीनला हात लावण्याची सोय तेव्हा नव्हती. मग निवड कशाची? माणसांची. कुणी मुलं जन्माला घालावीत आणि कुणी नाही, याची.

त्याच सुमारास इरावतीबाई कर्वे बर्लिनला गेल्या. कैसर विल्हेल्म संस्थेत, जिच्या नावातच मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजाशास्त्र हे तिन्ही शब्द होते. मार्गदर्शक ऑयगेन फिशर. युरोपीय माणसाची कवटी इतरांपेक्षा वेगळ्या तऱ्हेने असमान असते आणि त्याचा संबंध बुद्धीच्या श्रेष्ठत्वाशी आहे, असा फिशर यांचा कयास. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं, की या असमानतेचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. परदेशातून आलेली पंचविशीतली विद्यार्थिनी, समोर स्वतःचा गाईड! आम्ही आयुष्यभर प्रबंध तपासले, म्हणून सांगतो, ही साधी गोष्ट नव्हे. पुढे तीच संस्था नाझींच्या वंशशास्त्राच्या कामाला लागली.

आता पुन्हा आपल्या थॅलेसेमियाकडे या. त्या जीनला आपण सरळ 'दोष' म्हणतो. पण त्याची एकच प्रत असली तर मलेरियापासून थोडंफार संरक्षण मिळतं. म्हणून तर सिंधूचं खोरं, भूमध्य समुद्राचा किनारा अशा मलेरियाच्या मुलखांत तो पिढ्यानपिढ्या टिकला. म्हणजे सिंधमध्ये जी ढाल होती, तीच दोन वाहकांच्या मुलाला संकट झाली. मग हा जीन चांगला की वाईट?

याच्या उलट टोकाला फिनलंडचा स्कीपटू एरो मँतुरांता. जन्मजात जीनबदलामुळे त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन भरमसाट. १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने दोन वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. त्याला निसर्गाने दिलं ते आता प्रयोगशाळेतून घेता येईल, या धास्तीने जीन-डोपिंगवर खेळांत २००३ पासून बंदी आहे.

आणि २०१८ मध्ये चीनच्या हे जियानकुई यांनी तर भ्रूणांतच बदल करून जुळ्या मुली जन्माला आणल्या. उद्देश, पुढे एचआयव्ही होऊ नये. भ्रूण आजारी नव्हते. जो जीन त्यांनी मोडायला घेतला, तो नसलेल्यांना वेस्ट नाईल विषाणूचा त्रास जास्त होतो, हे आधीच माहीत होतं. हे यांना तुरुंगवास झाला.

थॅलेसेमियावरची 'कॅसजेव्ही' ही उपचारपद्धती ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्य केली. गंमत अशी, की ती बिघडलेला जीन दुरुस्त करतच नाही. गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद होतं, ते पुन्हा चालू करते. बदल त्या रुग्णापुरताच, मुलाबाळांत जात नाही. अमेरिकेत जाहीर किंमत २२ लाख डॉलर.

ती किंमत आपल्यापैकी कुणाला परवडणार? आपल्या हातात आहे ती लग्नाआधीची रक्ततपासणी. आणि तिथेही मुलगी मायनर आहे एवढं कळलं की स्थळ मोडतं, म्हणून घरचे तपासणीच टाळतात. मुलाचा रिपोर्ट कुणी मागत नाही. तो वाहक नसेल, तर त्या दोघांना मेजर मूल होतच नाही.