कंबोडियाची बाहुली आणि परंपरेचं वय

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस बाहुल्यांवर काय बोलणार, अशी शंका तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. पण प्रतिमा नेमकी कशाची असते, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. तो ग्रंथात जेवढा कळत नाही तेवढा बाहुली हातात घेतल्यावर कळतो.

देशोदेशींच्या पोशाखातल्या बाहुल्या जमवणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांच्या कपाटात कंबोडियाची म्हणून जी बाहुली असते, ती बहुधा अप्सरा नर्तकी. डोक्यावर टोकदार सोनेरी मुकुट. ख्मेर भाषेत त्याला 'मोकोट' म्हणतात, म्हणजे आपला मुकुटच. गळ्यात रुंद कंठा, कमरेला 'संपोत' नावाचं रेशमी वस्त्र, बोटं मागे वळलेली. आणि वर्णन काय, तर 'प्राचीन पारंपरिक वेश'. आता हे 'प्राचीन' म्हणजे किती, ते बघू.

अंगकोर वाट हे मंदिर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बांधायला घेतलं. त्याच्या भिंतींवर सतराशेहून अधिक देवता कोरलेल्या आहेत. साफो मार्शाल नावाच्या एका तरुण फ्रेंच मुलीने त्यांची वस्त्रं, दागिने, केशरचना यांची चित्रं काढून 1927 मध्ये पुस्तक केलं. त्या सगळ्या देवतांची छाती उघडी आहे. त्यात नवल नाही. 1296-97 मध्ये तिथे राहिलेला चिनी वकील चौ ता-कुआन लिहून ठेवतो की, इथले स्त्री-पुरुष कमरेला फक्त कापड गुंडाळतात. कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणत्या नक्षीचं कापड नेसावं, याचेही नियम होते, आणि पश्चिमेकडच्या समुद्रातून आलेलं कापड सगळ्यांत उंची मानत. त्यात आपल्याकडचा माल असणार, हे अभ्यासकांना मान्य आहे.

मग आपल्या बाहुलीचा तो अंगाला घट्ट बसणारा त्वचेच्या रंगाचा अंगरखा कुठून आला? तो आला विसाव्या शतकात. राणी सिसोवाथ कोस्सामाक यांनी शतकाच्या मध्याला राजनर्तकींसाठी 'अप्सरा' हे नृत्य नव्याने बसवलं. वेश भिंतीवरच्या शिल्पांवरून घेतला, पण मंचावर उघड्या अंगाने नाचणं शक्य नव्हतं, म्हणून हा अंगरखा. त्यांची नात राजकन्या नोरोदोम बोफा देवी या नृत्यातली पहिली प्रमुख नर्तकी. दरबारी नृत्य मात्र त्याआधीचं आहे, बरं का. 1906 मध्ये राजा सिसोवाथ नर्तकींचा ताफा घेऊन फ्रान्सला गेला, तेव्हा शिल्पकार रोदँ इतका भारावला की पॅरिसहून त्यांच्या मागे मार्सेयला गेला आणि त्याने त्यांची दीडशेच्या आसपास चित्रं काढली. त्या नर्तकी जरतारी झग्यात होत्या, अप्सरेच्या वेशात नव्हत्या.

म्हणजे बाहुली ही नर्तकीची नक्कल, नर्तकी शिल्पाची, आणि शिल्प तरी खऱ्या बाईचं की कल्पनेतल्या देवतेचं? प्लेटो इथे असता तर बाहुलीला हाकलूनच देता. मला ते पटत नाही. कंबोडिया थेरवादी बौद्धांचा देश. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन राजाला विचारतो की रथ म्हणजे काय, चाक की आस की जू? एकेका भागात रथ सापडत नाही. परंपरेचंही तसंच. मुकुट वेगळ्या काळाचा, अंगरखा वेगळ्या काळाचा, कापडाची वीण आणखी वेगळ्या काळाची. जुनं-नवं एकत्र बांधून कुणीतरी ते चालवतं, तेव्हा तिला परंपरा म्हणतात.

दुसऱ्या प्रकारची बाहुली असते ती 'संपोत चांग क्बेन' नेसलेली. आपल्या मंडळींना ही चटकन ओळखीची वाटेल. कापड कमरेला गुंडाळायचं, पुढची टोकं एकत्र पिळून पायांमधून मागे न्यायची आणि खोचायची. सरळ कासोटाच की! दरबारातल्या स्त्रिया वारानुसार रंग बदलत, रविवारी लाल, शुक्रवारी निळा. वारांची नावंही ऐका: आतित, चान, आंगकेआ, पुत. आदित्य, चंद्र, अंगारक, बुध.

एक गंमत सांगतो. स्वस्त बाहुलीचे कपडे काढता येत नाहीत, ते शिवलेले किंवा चिकटवलेले असतात. संग्राहक त्याला उणेपणा मानतात. पण ख्मेर राजनर्तकीचा वेशसुद्धा प्रयोगाआधी तिच्या अंगावरच टाके घालून शिवतात, त्याला तासन्‌तास लागतात. या एका बाबतीत स्वस्त बाहुली महागड्या बाहुलीपेक्षा खरी!

पण बाहुलीला एक गोष्ट जमत नाही. ख्मेर नृत्याची भाषा हातांत आहे. बोटांची एक ठेवण कळी, दुसरी फूल, तिसरी फळ. बाहुलीची बोटं एकाच जागी थांबतात. ती भाषा राहते फक्त माणसांच्या शरीरात, गुरूकडून शिष्येकडे. म्हणून 17 एप्रिल 1975 नंतर जे घडलं ते भयंकर आहे. ख्मेर रूजच्या पावणेचार वर्षांच्या राजवटीत पंधरा ते वीस लाख माणसं मेली. दहांतले नऊ नर्तक गेले, असं सांगितलं जातं. रंगीत कपड्यांना बंदी, सगळ्यांना काळा सदरा आणि काळी विजार. 7 जानेवारी 1979 ला ती राजवट कोसळल्यावर उरलेल्या मोजक्या गुरू मुलींना शोधून शिकवू लागल्या. कपाटातल्या कुठल्याही बाहुलीवरून ते नृत्य परत उभं करता आलं नसतं. 2003 मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीचा वारसा म्हणून घोषित केलं.

रेशमाचीही तीच कथा. विणकर विखुरले गेले, तुतीची झाडं गेली. क्योटोचे किकुओ मोरिमोतो यांनी 1996 मध्ये संस्था काढून वृद्ध विणकर बायांना शोधलं आणि तरुण मुलींना त्यांच्या हाताखाली बसवलं. बाहुलीच्या अंगावरचा वीतभर तुकडा यंत्रावरचा आहे की हातमागाचा, हे म्हणून विचारावं. दोन्हींत विणणाऱ्याच्या पोटाचा फरक आहे.

शेवटी शेतकऱ्याच्या बाहुलीबद्दल. तिच्या गळ्यात चौकडीचा पंचा असतो, 'क्रमा'. घाम पुसायला, मूल झोळीत घ्यायला, डोक्याला बांधायला, सगळ्याला तोच. 2024 मध्ये त्याचाही युनेस्कोच्या यादीत समावेश झाला. ख्मेर रूजच्या काळ्या वेशावर गळ्यात असायचा तोही क्रमाच. वाचलेली माणसं आज तोच पंचा खांद्यावर टाकून शेतावर जातात.