रात्रीचे उपकार

भूकंप म्हटला की आमच्या गोंदियाकडच्या माणसाला कोयना आठवते, किल्लारी आठवते. आपल्या धानाच्या बांध्यांखालची जमीन हलेल, हे त्याच्या मनाला शिवत नाही. २००२ च्या नकाशानेही या भागाला सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात घातले होते. पण १९९३ पूर्वी किल्लारीचे नावही अशाच निर्धास्त पट्ट्यात होते.

या भूकंपांच्या वेळा मी एकदा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. कोयना : ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे ४ वाजून २१ मिनिटे. किल्लारी : ३० सप्टेंबर १९९३, गुरुवार, पहाटे चारला चार मिनिटे कमी. आणि आमच्या उत्तरेचे जबलपूर : २२ मे १९९७, रात्री दोनच्या आत, त्यात उन्हाळ्याची सुटी. किल्लारीच्या परिसरात दगडमातीच्या जाड भिंतींनी हजारो माणसे झोपेतच गाडली. लहान मुले त्यांतही होती. पण वर्ग मात्र तिन्ही वेळा रिकामे होते. आपल्या शाळांची परीक्षा रात्रीने टाळली, एवढेच.

कच्छात ती टळली नाही. २६ जानेवारी २००१, सकाळचे ८ वाजून ४६ मिनिटे. अंजार गावात मुले प्रजासत्ताकदिनाच्या फेरीत अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली. १८५ विद्यार्थी आणि २० शिक्षक गेले. ती मुले छपराखाली नव्हती, उघड्यावर होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. ‘जमीन हलली की बाहेर पळा’ एवढेच शिकवणे किती अपुरे आहे, ते इथे कळते.

४ डिसेंबर २०२४ रोजी तेलंगणातल्या मुलुगूजवळ ५.३ तीव्रतेचा धक्का बसला आणि तो पूर्व विदर्भातही जाणवला. वेळ सकाळी ७ वाजून २७ मिनिटे, वार बुधवार. सकाळपाळीच्या शाळेची हीच वेळ!

तेव्हा मुख्याध्यापकांनी नकाशा बाजूला ठेवून आधी आपल्या शाळेभोवती एक फेरी मारावी, असे मला वाटते. मैदानाकडची वाट कोणत्या भिंतीच्या कडेने, कोणत्या कौलांखालून जाते? वर्गातले कपाट भिंतीला पक्के केले आहे काय? हादरे चालू असताना मुलांनी बाकाखाली बसून डोके झाकावे, बाकाचा पाय धरून ठेवावा. हादरे थांबले की रांगेने निघावे. आणि गुरुजींनी निघताना हजेरीपट बरोबर घ्यावा. मैदानात पहिले काम हजेरीचेच असते.