अफूच्या जहाजावरचं टपाल

मी कोयनानगरचा. धरणाच्या गावात राहणाऱ्याचं लक्ष कुठंही गेलं तरी आधी बंधाऱ्याकडं जातं. पुण्यात मुळा-मुठेवर बंडगार्डनचा बंधारा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून झाला. मुंबईचं जे. जे. रुग्णालयही त्यांच्याच दानातून १८४५ मध्ये उभं राहिलं. हा पैसा आला कुठून, हे जुन्या पत्रांतून कळतं.

त्यांच्या पेढीच्या पत्रांच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. चीनमधल्या जार्डिन मॅथेसन कंपनीचा पत्रव्यवहार केंब्रिजला जपलेला आहे. जमशेटजी आणि विल्यम जार्डिन १८०५ मध्ये 'ब्रन्सविक' जहाजावर भेटले. जार्डिन तेव्हा जहाजावरचा डॉक्टर होता. पुढं दोघांचा कापसाचा आणि अफूचा मोठा व्यापार झाला.

ही अफू माळव्यातली, शिंदे-होळकरांच्या मुलखातली. १८३० च्या दशकात कंपनी सरकार कर घेऊन ती मुंबईमार्गे जाऊ देई. मुंबईत हा धंदा राजरोस चाले. चीनमध्ये मात्र अफूला बंदी होती. म्हणून कँटनजवळ लिंटिन बेटापाशी नांगरलेल्या जहाजांवर पेट्या उतरत आणि तिथून वल्ह्यांच्या वेगवान होड्या त्या चोरून किनाऱ्याला नेत.

तारायंत्र नव्हतं. ज्या जहाजात माल, त्याच जहाजात टपाल. भावाची बातमी ज्याला आधी, नफा त्याचा. त्यासाठी चपळ जहाजं बांधली गेली. १८२९ साली हावड्याला बांधलेलं 'रेड रोव्हर' तर वाऱ्याच्या विरुद्ध चीनला जाऊन आलं.

१८३९ मध्ये चिनी आयुक्त लिन झेशू यांनी २०,२८३ पेट्या ताब्यात घेऊन अफू नष्ट केली. ती बातमीही मुंबईला जहाजानंच आली. युद्ध झालं. १८४२ च्या नानकिंग तहात त्या अफूपोटी चीनकडून ६० लाख डॉलर वसूल करायचं ठरलं. ज्यांच्या देशात विष उतरवलं, भरपाईही त्यांनीच द्यायची!

आम्हा कोयनाकाठच्या लोकांना हा हिशेब नवा नाही. इथल्या विजेवर दूरच्या शहरांत दिवे लागले, त्यासाठी इथली गावं पाण्याखाली गेली. जमशेटजींचं दान खोटं नव्हतं. त्या रुग्णालयात आजही गरिबांवर उपचार होतात. पण कोनशिलेवर देणाऱ्याचं नाव असतं. किंमत कुणी मोजली, ते पाहायला जुनं टपालच उघडावं लागतं.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)