टाइप करून मारलेल्या गप्पा

अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतःची ओळख कर्णबधिरांचा शिक्षक अशी करून देत असे. 1871 मध्ये तो बॉस्टनच्या मूकबधिर शाळेत शिकवायला आला, ते वडिलांनी रचलेली ‘व्हिजिबल स्पीच’ ही चिन्हलिपी घेऊन. कोणता उच्चार करताना जीभ, ओठ, घसा कसा ठेवायचा, हे त्या चिन्हांवरून कळे. पाच वर्षांनी त्याने टेलिफोनचे पेटंट मिळवले. ज्यांना बोलते करण्यासाठी तो झटत होता, त्यांनाच या यंत्राचा जवळजवळ नव्वद वर्षे काही उपयोग नव्हता.

वाट काढली ती कर्णबधिरांनीच. रॉबर्ट वाइटब्रेख्ट हा कॅलिफोर्नियातला भौतिकशास्त्रज्ञ जन्मापासून बहिरा. 1964 मध्ये त्याने टेलिटाइप यंत्र साध्या फोनला जोडून दाखवले. टाइप केलेली अक्षरे सुरांच्या रूपाने तारेतून जायची आणि पलीकडे कागदावर छापली जायची. कंपन्यांनी मोडीत काढलेली अवजड, खडखडाट करणारी यंत्रे मग घराघरांत आली. फोन आला की घंटीऐवजी दिवा लुकलुके. दोघांनी एकदम टाइप केले तर सगळाच गोंधळ, म्हणून आपले सांगून झाले की ‘जीए’ लिहायचे, म्हणजे ‘आता तुम्ही बोला’.

वर्गात मात्र लिखित इंग्रजी अजून गृहपाठापुरतीच होती. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या उच्चशिक्षण संस्थेत मुले खुणांच्या भाषेत वाद घालत, थट्टामस्करी करत. इंग्रजी भेटायची ती निबंधात, शिक्षकांच्या दुरुस्त्यांसकट. ऐकणारे मूल शाळेत येण्याआधी हजारो वाक्ये कानांवरून गेलेली असतात. या मुलांना ती शिदोरी नव्हती. तिथले इंग्रजीचे प्राध्यापक ट्रेंट बॅटसन यांनी 1985 च्या सुमारास वर्गातले संगणक एकमेकांना जोडले. पडद्याच्या एका भागात आपले वाक्य टाइप करायचे, कळ दाबली की ते नावासकट सगळ्यांच्या पडद्यावर. तास संपला की अख्खे संभाषण छापून हातात.

बेलच्या चिन्हलिपीपेक्षा ही साधी जोडणी मोलाची वाटते. मुलांच्या उच्चारांची डागडुजी करण्याच्या भानगडीत ती पडली नाही. इंग्रजीत विचारायचे, चिडवायचे, उलट उत्तर द्यायचे, आणि समोरच्याला कळले की नाही हे तिथल्या तिथे त्याच्या उत्तरावरून समजायचे. अर्थात गप्पांतली इंग्रजी म्हणजे निबंधातली इंग्रजी नव्हे. शिक्षकांना हे अंतर वेगळे शिकवून भरून काढावे लागे.

‘एन्फी’ नावाने ही पद्धत पुढे ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयांतही गेली. तिथे काही शिक्षकांची तक्रार निराळीच होती: पडद्यावर मुले इतकी मोकाट सुटतात, की त्या गलक्यात शिक्षकाच्या वाक्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.