गंगोदक आणि हँकिन यांचा १८९६ चा लेख

काशीयात्रेहून आणलेला, तोंड झाळून बंद केलेला गंगोदकाचा गडू बुलढाणा जिल्ह्यांतील जुन्या घरांच्या देवघरांत अद्यापि आढळतो. हें उदक नासत नाहीं, ही समजूत परंपरागत होय. तिला शास्त्राचा आधार म्हणून वारंवार एका लेखाकडे बोट दाखविलें जातें. तो लेख मुळांत काय म्हणतो, हें आम्ही येथें पाहूं.

आग्रा येथील सरकारी रसायनपरीक्षक अर्नेस्ट हॅनबरी हँकिन यांनीं १८९६ मध्यें पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकांत फ्रेंच भाषेंत तो प्रसिद्ध केला. गंगा व यमुना यांच्या गाळलेल्या पाण्यांत पटकीचे जंतु थोड्याच तासांत मरतात, व पाणी उकळल्यास तो गुण जातो, असें त्यांत सांगितलें आहे. पुढें १९१५ मध्यें ट्वॉर्ट यांनीं व १९१७ मध्यें द'एरेल यांनीं जीवाणूंस ग्रासणाऱ्या विषाणूचें, म्हणजे जीवाणुभक्षकाचें अथवा फाजाचें, वर्णन केलें. तेव्हां हँकिन यांनीं फाजच प्रथम पाहिला, असें लिहिण्याचा परिपाठ पडला.

परंतु त्याच लेखांतील एक गोष्ट उतारे देणारे बहुधा गाळतात. पाणी हवाबंद नळींत तापविलें असतां हा गुण टिकतो, असें हँकिन सांगतात, व त्यावरून उडून जाणाऱ्या एखाद्या द्रव्याचें अनुमान करितात. फाजाचें कवच प्रथिनाचें असतें. इतक्या उष्णतेपुढें तो टिकणें संभवत नाहीं, मग नळी उघडी असो वा बंद. सबब या लेखावरून गंगोदकांत फाज होता, असें सिद्ध होत नाहीं.

यांत फाजाचें महत्त्व उणें होत नाहीं. १९२७ मध्यें द'एरेल यांनीं हिंदुस्थानांत पटकीच्या रोग्यांवर त्याचे प्रयोग केले. अमेरिकेंत २००६ मध्यें तयार मांसपदार्थांवरील लिस्टेरिया जंतूंविरुद्ध फाज वापरण्यास परवानगी मिळाली. फाजाच्या कवचावर हवीं तीं प्रथिनें प्रकट करण्याच्या युक्तीस २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. मात्र प्रत्येक फाज ठराविक जातीच्याच जीवाणूंस ग्रासतो; सर्व रोगबीजांपासून पाणी शुद्ध करणें हें त्याचें काम नव्हे.

एक पान गळालें कीं पोथीचा अर्थ फिरतो, हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे. येथेंही तेंच घडलें. गडू पूजेस योग्यच आहे. परंतु त्यांतील जुनें पाणी आजाऱ्याच्या मुखीं निर्धोक म्हणून घालण्यास हा लेख प्रमाण नाहीं.